बुधवारी डॉक्टर झोपतात

बुधवार, ७ जानेवारी

सुट्टीनंतरचा पहिला क्लब. हॉल बर्फासारखा. केअरटेकर म्हणाला, हीटिंगचा टायमर गेलाय. टायमर कसला, पंप अडकला होता. बाहेरूनच आवाज ऐकू येत होता, घसा कोरडा पडल्यासारखा. दोन ठोके दिले, हवा काढली, अर्ध्या तासात रेडिएटर गरम. पेडणेकर म्हणाला, "बाप्या, गॅरेज विकलंस पण हात विकले नाहीस." बरं वाटलं. एवढ्यातेवढ्याने इतकं बरं वाटावं, याचं नंतर जरा वाईटही वाटलं.

हजेरी चांगली. गेल्या एप्रिलपासून हेल्थवाले आम्हा म्हाताऱ्यांच्या या मराठी क्लबला पैसे देतात. हॉलचं भाडं, मिनीबस, खुर्चीत बसून व्यायाम शिकवणारी बाई, महिन्यातून एकदा बीपी बघायला नर्स. माणूस हॉस्पिटलात पोचण्याआधीच धड राहावा, हा हिशोब. वेळेवर ऑइल बदला, इंजिन बदलावं लागणार नाही, हे मी गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. कोणी ऐकलं नाही. इथे निदान सरकारी माणसाने ऐकलं.

डॉ. सोहोनी आजही झोपले. व्यायाम संपला की खिडकीजवळची खुर्ची, ओव्हरकोट अंगावर, पाच मिनिटांत घोरणं. जेवण लागेपर्यंत तसेच. नलिनीवहिनी, त्यांच्या मिसेस, बायकांच्यात बसून मेथी निवडत होत्या. पेडणेकर ओरडला, "डॉक्टर, रिटायर झालात तरी नाइट ड्यूटी चालूच?" सगळे हसले. डॉ. पण हसले, डोळे न उघडता.

म्हाताऱ्याची डुलकी वेगळी. हे घोरणं दमलेल्या माणसाचं होतं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. हिने तिळाच्या वड्या केल्या, दोन डबे. नर्सने एक खाल्ली, मग आमच्या शुगरबद्दल लेक्चर दिलं, मग दुसरी खाल्ली.

रियाने फॉर्म आणले. रिया म्हणजे हेल्थवाल्यांनी या क्लबसाठी ठेवलेली पोरगी. आईबाप ठाण्याचे, ही जन्मली इथे कॉव्हेंट्रीतच. मराठी बोलते भरभरून, बाई-पुरुष असा भेदभाव भाषेत अजिबात न करता. "काका, हे last form आहे, please. माझा बॉस म्हणते, honest answers पाहिजे."

प्रश्न वाचून दाखवले. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला एकटं वाटलं का? झोप लागते का? उद्याचा दिवस उजाडावा असं वाटतं का? प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क, दहा म्हणजे सगळं झकास.

भिडेबाई हळूच सगळ्या टेबलाला म्हणाल्या, "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. चांगले मार्क द्या हो."

झालं. सगळ्यांचे दहापैकी दहा. पेडणेकरने एका ठिकाणी अकरा लिहिले. मंदावहिनी, म्हणजे पेडणेकरची बायको, पेन हातात धरून बराच वेळ बसल्या होत्या. शेजारी नवरा बसलेला असताना 'एकटं वाटतं का' याला बाईने काय लिहायचं? त्यांनीही दहा लिहिले. ही माझ्या शेजारी. मी दहा लिहिले.

डॉ. नी दोघांचे फॉर्म भरले. स्वतःचा आणि वहिनींचा. न वाचता, प्रिस्क्रिप्शन लिहितात तसे.

बुधवार, २१ जानेवारी

मिनीबस आली नाही. ड्रायव्हर आजारी. चार खेपा मीच मारल्या. शेवटची सोहोनींची.

गाडीत वहिनी मागे बसल्या होत्या. छान बोलत होत्या. हवा, रस्ता, दुकानं. मग म्हणाल्या, "इथे डावीकडे वळा. आई वाट बघत असेल." मी आरशात बघितलं. डॉ. खिडकीबाहेर बघत होते. मी सरळ गेलो.

घरी चहा घेऊन जा म्हणाले. म्हणजे वहिनी म्हणाल्या. चहा कुठे आहे ते त्यांना सापडेना. हसून माझ्याकडे वळल्या, "बसा ना. आपण कोण?" मी नाव सांगितलं. पाच मिनिटांनी परत, तेवढ्याच गोडीने, "बसा ना. आपण कोण?" शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली इंग्रज पोरं आता बापे झालीत, रस्त्यात थांबून नमस्कार करतात.

गॅसच्या शेगडीची बटणं काढून वरच्या फडताळावर ठेवलेली. पुढच्या दाराला अगदी वर एक नवी कडी. मागचं दार उघडलं की आत कुठेतरी पीं पीं वाजतं. डॉ. घाईने म्हणाले, "चोऱ्या वाढल्यात." मी मान हलवली. चोरासाठी घंटा बाहेरच्या बाजूने लावतात. ही आतल्या माणसासाठी होती.

दारापर्यंत सोडायला आले. हळू आवाजात, "बापू, तिला जरा विसरायला होतं. वय आहे. कुठे बोलू नका."

"नाही बोलणार."

आल्यावर हिने विचारलं, एवढा वेळ का लागला. म्हटलं, ट्रॅफिक.

बुधवार, २८ जानेवारी

रिया आज व्यायामाच्या वेळी बाहेर फोनवर. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, "But they do need it... I know what the forms say." आत आली तेव्हा चेहरा नीट करून आली होती. मी कप विसळत होतो. म्हटलं, काय झालं, सांग.

मार्चअखेर पैसे संपतात. पुढच्या वर्षी द्यायचे की नाही ते हेल्थवाल्यांचं पॅनेल फॉर्म बघून ठरवणार. गेल्या एप्रिलमध्ये, सुरुवातीला भरलेले आमचे फॉर्म आणि आताचे शेजारी ठेवले. तेव्हा दहा, आता दहा. काही सुधारणाच नाही.

"काका, on paper तुम्ही सगळे so happy आहे की... शहरातला सगळ्यात happy म्हातारा लोक तुम्ही आहे. Panel विचारते, happy लोकांना हे कशाला पाहिजे?"

हसू आलं. मग आलं नाही. चूक कोणाची? जी गाडी झकास चाललीय ती मी तरी रॅम्पवर कशाला घेतली असती? त्यांनी विचारलं, काही आवाज येतो का? आम्ही म्हटलं, छे, मक्खन.

आमच्यात सवयच ती. कोणी कसे आहात म्हटलं की "मजेत". बायपासच्या टेबलावरसुद्धा "मजेत". आपलं रडगाणं परक्यापुढे गायचं नाही, आणि मार्क द्यायची वेळ आली की हात सैल सोडायचा.

खिडकीजवळ डॉ. झोपलेले. बुधवार गेला तर हा माणूस कुठे झोपणार?

हे कोणाला सांगताही येत नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

रियाने बॉसला गळ घालून परत एकदा फॉर्म भरायची परवानगी आणलीय. परवा मी फोनवर सगळ्यांना सांगितलं, या वेळी खरं लिहा. भिडेबाई: "म्हणजे मागच्या वेळी आम्ही खोटं लिहिलं म्हणता?" अर्धा तास त्यांची समजूत काढली. नंतर त्यांच्याच तोंडून आलं, "मुलगा क्रॉयडनला. दर रविवारी फोन करतो. पण टीव्ही बघत बघत करतो हो, मला ऐकू येतं." म्हटलं, हेच लिहा. "अय्या, असं कसं लिहायचं? मुलाची बदनामी."

बुधवार, ४ फेब्रुवारी

फॉर्म भरले. खरं लिहिलं दोघातिघांनी. बाकीच्यांनी दहाचे नऊ केले. मोठा त्याग.

पेडणेकर मात्र भलताच जोरात. "बाप्या, आता बघ कसे पैसे देत नाहीत." काय लिहितोय ते दाखवेना.

डॉ. नी परत दोघांचे फॉर्म भरले. जाताना माझ्या खांद्यावरून बघून गेले, मी काय लिहिलंय ते. मी नऊ लिहिले होते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सकाळी मंदावहिनींचा फोन. आवाज चढलेला. त्यांना सर्जरीतून, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यातून, फोन आला होता. "तुमचे मिस्टर सुरक्षित आहेत का, घरात औषधं कुठे ठेवता, आज त्यांना एकटं सोडू नका." त्या घाबरून वर पळाल्या तर पेडणेकर बाथरूममध्ये गाणं म्हणत दाढी करतोय.

या शहाण्याने सगळीकडे शून्य लिहिलेलं. झोप शून्य. भूक शून्य. उद्याचा दिवस उजाडावा असं वाटतं का, शून्य. असं कोणी लिहिलं की रियाला त्याच दिवशी वर कळवावं लागतं. नियम आहे, आणि बरोबर आहे.

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेली. पाऊण तास बसली. पेडणेकर तिला सांगत होता, "आय ॲम व्हेरी हॅपी, मॅडम, ओन्ली फॉर द ग्रँट." ते ऐकून ती अजूनच काळजीत.

संध्याकाळी मंदावहिनींचा परत फोन, आता हसत. "भावोजी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही रात्री का जागता. आणि त्यांनी सांगितलं. मला नव्हतं माहीत."

काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

रियाला बोलणी बसली. दोन फॉर्मचे आकडे इतके वेगळे, कोणावर विश्वास ठेवायचा? दोन्ही बाद. आता एकच वाट. पुढच्या महिन्यात ११ तारखेला पॅनेलवर बसणारी मंडळी स्वतः क्लबला येणार. आमच्यापैकी दोघातिघांनी त्यांना सांगायचं, इथे येऊन काय फरक पडतो. खरं, आणि स्वतःचं.

पेडणेकर हात वर करून तयार. रिया एकदम, "नाही, Pednekar uncle, तुम्ही please नको."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला इंग्रजीत भांडता येतं म्हणून. मी बघत होतो खिडकीकडे.

रविवार, १५ फेब्रुवारी

हिला अखेर सांगितलं. वहिनींचं. तिला आधीच माहीत. बायकांना सगळ्यांना माहीत. मेथी निवडताना वहिनी देठं ठेवतात आणि पानं टाकतात, आणि या बायका न बोलता कचऱ्यातून पानं उचलून घेतात. वर्षभर. एक अक्षर कोणी बोललं नाही.

म्हटलं, मग डॉ. ना का नाही सांगत, की आम्हाला माहीत आहे?

"त्यांना लपवायचंय ना. मग आपण लपू द्यायचं."

म्हटलं, पॅनेलपुढे मीच सांगून टाकतो, नाव न घेता.

"तुमचे कान मोठे आहेत म्हणून तोंडही मोठं करायचं नाही. तुम्ही शब्द दिलाय."

बुधवार, १८ फेब्रुवारी

क्लब सुटल्यावर डॉ. ना गाडीत बसवलं. वहिनींना हिच्याबरोबर भिडेबाईंकडे पाठवलं. पार्कच्या कडेला गाडी लावून बोललो. सरळ बोललो, मला आडवळणं जमत नाहीत.

"डॉक्टर, ११ तारखेला तुम्ही बोला."

डॉ. म्हणाले, "बापू, उभी हयात मी या शहरातल्या छात्या तपासल्या. त्या पॅनेलवर बसलेली एक बाई माझ्या वॉर्डात नर्स होती. माझ्या राउंडला उभी राहायची, वही घेऊन. तिच्यापुढे मी उभा राहून सांगू, की मला माझ्या बायकोला आंघोळ घालता येत नाही? की ती मला दुसराच कोणी समजून मारते?"

समोर पार्ककडे बघत बोलत राहिले.

"आणि एकदा वहीत चढलं की थांबत नाही. असेसमेंट. मग कोणीतरी तरुण पोरगी येऊन म्हणणार, म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवा. मी स्वतः किती जणांना सांगितलंय ते. किती सहज सांगायचो."

मग म्हणाले, "तुमच्या घरातलं तुम्ही सांगाल का?"

मी गाडी सुरू केली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

सोहोनी आले नाहीत. मिनीबस दारात जाऊन हॉर्न वाजवून परत आली. मी गेलो.

दार सताड उघडं. डॉ. जिन्याच्या पायरीवर बसलेले, एका पायात बूट. वहिनी सोफ्यावर, अंगावर शेजारणीचा कोट, पायात घरातल्या सपाता, चिखलाने भरलेल्या. सकाळी डॉ. चा डोळा लागला तेवढ्यात बाहेर पडल्या. वरची कडी लावायची राहिली. बसस्टॉपवर सापडल्या, शाळेची बस का येत नाही म्हणून लोकांना विचारत होत्या. शेजारची पोलिश बाई घेऊन आली.

मी चहा केला. साखर कुठे, दूध कुठे, सगळं शोधून. वहिनींनी कप दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही फार छान चहा करता. आपण कोण?"

डॉ. पायरीवरूनच बोलले, माझ्याकडे न बघता. "रात्री ती उठते. तीनदा, चारदा. मी जागाच असतो. बापू, मी बुधवारी झोपतो. आठवड्यातून तेवढंच. तिथे वीस जण असतात, ती कुठे जाणार नाही एवढं माहीत असतं, म्हणून."

बूट घालायला मदत केली. नको म्हणाले नाहीत.

सोमवार, २ मार्च

त्यांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. तुमच्या घरातलं तुम्ही सांगाल का?

माझ्या घरातलं काय? मिरजेत बसस्टँडमागे पंक्चर काढणारा पोरगा, इथे येऊन कारखान्यात नट आवळले, मग स्वतःचं गॅरेज, एक रॅम्प, मग चार. मुलगा नॉटिंगहॅमला, सून चांगली, नातवंडं गोड. हातीपायी धड. मला काय धाड भरलीय?

तर हे. रोज सकाळी दूध आणायला म्हणून निघतो. दुकान पाच मिनिटांवर. मी गाडी घेऊन जुन्या गॅरेजच्या समोरच्या गल्लीत जाऊन थांबतो. काच खाली करतो. आतून आवाज येतात. एअरगन, रेडिओ, कोणीतरी शिवी हासडतो. एखादी गाडी आत जाते, मी मनात म्हणतो, पुढचं डावं बेअरिंग. मग घरी येतो. दीड वर्ष झालं. कोणाला माहीत नाही.

संक्रांतीला भरलेल्या फॉर्मवर दहा. दुसऱ्यावर नऊ.

मंगळवार, १० मार्च

उद्या पॅनेल. हिला आधी सांगायला हवं, तिथे तिच्यासमोर एकदम नको. जेवताना सांगितलं. गॅरेजचं, गल्लीचं, काचेचं.

ती आमटी वाढत होती. "मग? मला काय माहीत नाही? दुधाला पाऊण तास लागतो का कुणाला? आधी वाटलं, कोणी बाई आहे की काय. म्हणून एकदा बसने जाऊन बघून आले."

"काय बघितलंस?"

"एक म्हातारा गाडीत बसून रडत होता."

मी रडत नव्हतो. डोळे हवेने... काच खाली होती.

बुधवार, ११ मार्च

लिहून ठेवतो जसं झालं तसं.

पॅनेलचे दोघं. मार्गारेट, पन्नाशीची, ठसठशीत, तीच ती पूर्वीची नर्स. आणि एक तरुण माणूस लॅपटॉप घेऊन. आमच्या मंडळींनी नेहमीचा घोटाळा केला. घरी पाहुणे आल्यासारखं आवरलं. बटाटेवडे, शिरा, टेबलावर इस्त्रीचे टेबलक्लॉथ, सगळ्या बायका नव्या साड्यांत, पेडणेकर टायमध्ये. मार्गारेट आत येऊन म्हणाली, "Oh, how lovely, everyone looks so well." रियाने कपाळाला हात लावला.

आम्ही अडचणीत आहोत हे दाखवायला बोलावलेल्या माणसाला आम्ही तीन वडे वाढले. चौथा आग्रहाने.

मी उभा राहिलो. गॅरेजचं सांगितलं. इंग्रजीत ते आणखीनच वेड्यासारखं वाटत होतं. दूध, गल्ली, काच. शेवटी म्हटलं, आठवड्यातले सहा दिवस मी तिथे जातो. बुधवारी जात नाही, कारण बुधवारी इथे खुर्च्या मांडायच्या असतात. एवढंच. बसलो. हिने टेबलाखालून गुडघ्यावर हात ठेवला. तरुण माणसाने काहीतरी टाइप केलं. कोणी हसलं नाही. पेडणेकर टायशी खेळत राहिला.

मग भिडेबाई उठल्या. रविवारच्या फोनचं सांगितलं, टीव्हीसकट. बसताना म्हणाल्या, "बट ही इज अ व्हेरी गुड बॉय."

मग कोणी नाही. मार्गारेट कागद गोळा करू लागली.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मला न बघता कळलं कोणती.

डॉ. आज झोपले नव्हते. कोटाचं बटण लावून उभे राहिले, हात पाठीमागे. आवाज मी कधी ऐकला नव्हता असा, वॉर्डातला. मराठीत लिहितो, बोलले इंग्रजीत.

"एक केस सांगतो. स्त्री, वय सत्त्याहत्तर. निवृत्त गणित शिक्षिका. चार वर्षांपासून स्मरणशक्ती उतरणीला. आता वेळ, जागा, माणसं ओळखत नाही. रात्री फिरते. गेल्या महिन्यात घराबाहेर सापडली. वजन कमी होत आहे. निदान कळलेलं आहे, कळवलेलं नाही. सांभाळणारा एकच, वय ऐंशी, रक्तदाब जास्त. त्याने मदत मागितलेली नाही. कारण..."

तिथे थांबले. राउंडला ज्युनियर अडखळला तर हेच पुढचं वाक्य पुरवत असतील. त्यांना पुरवायला कोणी नव्हतं.

"कारण नोंदवलेलं नाही. उपचार सध्या एकच. बुधवारी तीन तास, या खोलीत. त्याने रुग्ण बरी होणार नाही. सांभाळणारा टिकतो."

मार्गारेट उभी राहिली होती. का, तिलाही कळलं नसावं. सवयीने.

वहिनी शेजारीच. नव्या साडीत, मान वर करून, नवऱ्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होत्या. चांगल्या शिक्षिकेसारख्या. इंग्रजी सगळं कळतं त्यांना. त्यांचा चेहरा कळवळला. डॉ. च्या बाहीला हात लावून मराठीत म्हणाल्या, "अरेरे. बिचारी. तिचं करतं कोण हो?"

डॉ. म्हणाले, "आहे एक जण."

"चांगला आहे ना?"

मार्गारेटने रियाकडे बघितलं, काय म्हणाल्या म्हणून. रियाने भाषांतर केलं नाही.

डॉ. खाली बसले. मंदावहिनींनी शिऱ्याच्या ताटल्या पुढे सरकवायला सुरुवात केली.

शनिवार, १४ मार्च

मतं दोन. भिडेबाई: "बरं झालं बाई." दुसऱ्या काही जणांकडून कानावर आलं, की चारचौघांत बायकोची अशी केस करायला नको होती, तिला कळलं असतं तर?

डॉ. चा फोन. "बोललो त्याचा पश्चात्ताप आहे की नाही, ते अजून ठरवलेलं नाही." मार्गारेटने घरी फोन केला होता. सांभाळणाऱ्यांना काय मदत मिळते ते सांगायला एक बाई पाठवते म्हणाली. होमचं नाव काढलं नाही. "अजूनही मला 'सर' म्हणते," डॉ. म्हणाले. "मी म्हटलं, येऊ द्या त्या बाईला. नंतर म्हटलं, पुढच्या आठवड्यात नको. त्याच्या पुढच्या."

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. गुढी मागच्या बागेत, वाऱ्याने दोनदा पडली. ड्रिलने भोक पाडून बसवली. दूध आणायला गेलो. दहा मिनिटांत परत. हिने घड्याळाकडे बघितलं फक्त.

बुधवार, २५ मार्च

उत्तर नाही. रिया म्हणाली, पॅनेलचा जीव खूप आहे आमच्यावर, पण रक्कम तीच आणि मागणारे बरेच. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका वस्तीत आया आणि तान्ही बाळं, तिथल्या बायका फॉर्म खरे भरतात. त्यांचे आकडे वाचवत नाहीत म्हणाली. मी मार्गारेटच्या खुर्चीत असतो तर? आठवड्याभरापूर्वी उत्तर सोपं होतं.

निर्णय "लवकरच." रियाचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्टही ३१ पर्यंतच. हे तिने आज, मी विचारल्यावर सांगितलं. तीही सगळ्यांना "मी fine" सांगत होती. आमचंच पोर.

डॉ. व्यायाम संपायच्या आधीच झोपले. व्यायामवाल्या बाईने संगीत हळू केलं.

बुधवार, १ एप्रिल

पत्र नाही. हॉल आमच्या नावावर नाही. केअरटेकरला विचारलं, आज तरी उघड. म्हणाला, साहेब, मला आवडलं असतं, पण कागद पाहिजे.

सकाळपासून हिच्याशी वाद. पुढच्या खोलीत वीस माणसं बसतील का? ती म्हणते, बसतील, पण संडास एकच आणि तोही वर. भिडेबाईंचे गुडघे. पेडणेकर म्हणतो, त्याच्या गॅरेजमध्ये हीटर लावू. त्याच्या गॅरेजमध्ये चार सोफे आणि एक मोडका फ्रीज आहे. वहिनींना अनोळखी जागा नको, त्या बिथरतात. रियाचा मेसेज, "काका meeting चालू आहे, phone जवळ ठेव."

साडेनऊ वाजता डॉ. चा फोन. मागे वहिनींचा आवाज, कपाट उघडबंद करण्याचा आवाज, पीं पीं.

"बापू, आज कुठे?"

म्हटलं, "तयार राहा दोघं. पंधरा मिनिटांत गाडी दारात."

किल्ली हातात आहे. कुठे न्यायचं ते अजून ठरलेलं नाही. निघतो.